मैनाबाईची दिव्यांची वही

२००४. दसऱ्याचा दुसरा दिवस. सकाळचे साडेदहा. जागा: जिवतीच्या पहाडाखाली एका संस्थेचा वीस खाटांचा दवाखाना, त्यातली औषधांच्या कोठीशेजारची खोली. हजर:

१. डॉक्टरबाई. दवाखान्याच्या प्रमुख.
२. देवाजीभाऊ. जनरेटर, पाण्याची मोटर, रुग्णगाडी आणि जे जे बिघडेल ते सगळं यांच्याकडे.
३. मैनाबाई. दवाखान्यातल्या मदतनीस. पहाडावरच्या गोंड गावातल्या.
४. शब्बीरभाई. चंद्रपूरचे बॅटरीवाले. आमच्या कंपनीचं यूपीएसचं काम करतात आणि त्यांच्याच जीपमधून मला नेतात.
५. मी.
६. डिस्क, नग पाच. हळद-कुंकू लावलेल्या.

ही नोंद माझ्या त्या वर्षीच्या वहीतून जशीच्या तशी उतरवली आहे. कुठेही कामाला गेले की आधी तारीख, वेळ आणि हजर माणसं लिहायची, मगच पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायचा, ही माझी सवय. सहावा आकडा त्या दिवशी मी रागाने लिहिला होता. पेन इतकं दाबलं गेलं की मागच्या पानावर उमटलं आहे.

चौदा वर्षं मी चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत डिस्कच्या पेट्या बसवल्या, जुळवल्या आणि त्यांच्यावर नजर ठेवली. सासूबाई शेजारी सांगायच्या, सूनबाई कॉम्प्युटर दुरुस्त करते. तेवढ्यावर भागत असे, पण इथे जरा सविस्तर सांगायला हवं.

संगणकात लिहिलेलं सगळं शेवटी डिस्कवर राहतं. डिस्क म्हणजे फिरणारी चकती, आणि जे फिरतं ते एक दिवस थांबतं. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी एकीवर भरवसा न ठेवता पाच-सहा डिस्क एका पेटीत बसवतात आणि त्यांना एकमेकींना सांभाळायला लावतात. चार माणसांना एकेक आकडा लक्षात ठेवायला सांगा, आणि पाचव्याला त्या चौघांची बेरीज. आता पाचांतला कोणीही एक विसरला तरी उरलेले चार मिळून त्याचा आकडा सांगू शकतात. डिस्क मेली तर चालू मशीनमधून ती ओढून काढायची आणि नवी आत सरकवायची. बाकीच्या चौघी नवीला सगळं शिकवतात. ही युक्ती ज्याला कोणाला सुचली त्याच्याबद्दलचा माझा आदर चौदा वर्षांत एक दिवसही कमी झाला नाही.

अटी दोन. एका वेळी एकच विसरायला हवा. आणि कोण कितव्या जागेवर बसलं आहे ते बदलायचं नाही, कारण पेटी पहिलं पान पहिलीला देते, दुसरं दुसरीला, आणि त्याच क्रमाने परत मागते. क्रम मोडला तर पोथीची पानं विस्कटावीत तसं होतं, आणि इथे पानांवर आकडेही नसतात.

पेटी स्वतःच्या तक्रारी दिव्यांनी सांगते. प्रत्येक डिस्कपुढे एक दिवा: हिरवा म्हणजे बरी, नारिंगी म्हणजे आजारी. तक्रार ऐकणारं माणूस मात्र लागतं. गोंडपिपरीच्या एका कार्यालयात पेटी तीन आठवडे ओरडत होती. मी पोचले तेव्हा तिच्या भोंग्यात कापूस कोंबलेला होता. गडचांदूरला एका कारखान्यातले सुपरवायझर सिमेंटच्या धुळीला इतके वैतागले होते की त्यांनी बायकोकडून पेटीसाठी छान गोधडी शिवून घेतली. कडेला वेलबुट्टी होती. पेटी आत उकडून बंद पडली. ती गोधडी काढा, हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं होतं.

असे दोन-तीन अनुभव आल्यावर मी नियम केला. जिथे पेटी, तिथे रोज दिवे पाहणारं एक माणूस नेमायचं आणि त्याच्याकडून वही ठेवून घ्यायची. वही तपासल्याशिवाय मी बाकी कशाला हात लावत नसे.

पहाडाखालच्या दवाखान्यातली पेटी मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने वापरून झाल्यावर दान दिलेली. तिथे दिव्यांसाठी मी मैनाबाईंना नेमलं. त्या रोज सकाळी आठला ती खोली झाडायच्या, एवढंच कारण. त्यांना सहीपुरतं लिहिता येत होतं. मी त्यांना चौकोनांची वही दिली, हिरवी आणि नारिंगी पेन्सिल दिली आणि सांगितलं की रोज पाच चौकोन काढायचे, आणि जसं दिसतं तसं काढायचं.

पुढच्या खेपेला वही पाहिली तर प्रत्येक पानावर दिव्यांखेरीज बरंच काही. पेटी जुनी, त्यामुळे प्रत्येक डिस्क ज्या मुठीच्या डब्यात बसते त्या डब्यांवर जुन्या खुणा होत्या. पहिल्याच्या मुठीचा कोपरा तुटलेला, दुसऱ्यावर ओरखडा, तिसऱ्यावर अर्धवट फाटलेला पिवळा कागद. मैनाबाई ते सगळं रोज काढत होत्या. गोंदणाच्या नक्षीसारखं, सावकाश, एकही रेघ न चुकवता. शेवटच्या चौकोनाशेजारी एक नागमोडी रेघही होती, ती मी शोभेची धरली. मी म्हणाले, “बाई, एवढं नको. फक्त दिवे काढले तरी पुरे.”

“तुमीच सांगतलं नं मॅडम, दिसते तसं काढ म्हणून,” त्या म्हणाल्या. “दिसते तं कशी सोडू?”

मी वहीत लिहिलं: “मैनाबाई. फार वेळ घालवतात. पुढच्या वेळी पुन्हा सांगणे.” ते वाक्य आजही तिथे आहे. खोडलेलं नाही.

त्या पावसाळ्यात डॉक्टरबाईंनी पहाडावरच्या अकरा गावांत सिकलसेलसाठी रक्ततपासणी केली. हा आजार रक्तातून पुढच्या पिढीत जातो. ज्यांच्यात तो लपून असतो अशा दोघांचं लग्न झालं, तर मूल आजारी निपजण्याची भीती. म्हणून प्रत्येकाला स्वतःचं रक्त कसं आहे ते माहीत असणं गरजेचं. पण गावं रक्त द्यायला तयार नव्हती. यापूर्वी कोणीतरी येऊन रक्त घेऊन गेलं होतं आणि पुन्हा फिरकलं नव्हतं. मैनाबाई घरोघर बसल्या, गोंडीत बोलल्या, आणि शब्द दिला की दिवाळीच्या आधी ज्याचा त्याचा कागद मी स्वतः आणून देईन. त्या शब्दावर चारशेच्या वर माणसांनी हात पुढे केला.

तपासणीचे निकाल संगणकात भरले. हाताने लिहिलेले तक्ते नावं पडताळायला पुन्हा पहाडावर नेले होते, ते परतताना नाल्यात गाडी अडकली तेव्हा भिजून लगदा झाले. निकालांची रोज एक नक्कल ज्या टेपवर उतरायची, ते यंत्र पावसाळ्याच्या आधीपासून नागपूरला दुरुस्तीला पडलेलं. म्हणजे अकरा गावांचं रक्त काय म्हणतं ते फक्त त्या पाच डिस्कना माहीत होतं. कागद दसरा झाल्यावर छापायचे ठरलं होतं.

आणि मध्ये खंडेनवमी आली.

दवाखान्यात खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा होत असे. वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र, कात्र्या, रुग्णगाडी, जनरेटर. देवाजीभाऊ पूजा वरवर करणारे नव्हते. वस्तू उघडायची, निगुतीने पुसायची, मगच कुंकू लावायचं, अशी त्यांची रीत. जनरेटर वर्षानुवर्षं एकदाही न रुसता चालला तो या रीतीमुळेच, हे मला मान्य आहे. त्या वर्षी त्यांनी डिस्कच्या पेटीचाही मान ठेवला. भिंतीवर मी डकवलेली बारा कलमांची यादी वाचून त्यांनी संगणक अगदी बरोबर पायऱ्यांनी बंद केला. पाचही डबे बाहेर काढले. सातव्या कलमात पाणी वर्ज्य होतं म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसले, नव्या पंच्यावर ओळीने मांडले, हळद-कुंकू वाहिलं, आरती केली आणि परत बसवले. मशीन सुरू केली तर पाचही दिवे नारिंगी.

त्यांनी काही लपवलं नाही. डॉक्टरबाईंना लगेच सांगितलं, मला फोनही स्वतः केला. मी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, “मॅडम, तुमच्या यादीत डबे काढू नका असं नाई लिवलं. अन् चालू मशीनीतून बी निघते म्हणून तुमीच तं दाखवलं होतं.”

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पेटी बसवली त्या दिवशी मीच सगळ्यांसमोर एक डिस्क चालू मशीनमधून ओढून काढली होती. दिवा नारिंगी झाला, मशीन चालूच राहिली, सगळे चकित झाले आणि मला बरं वाटलं. यादीत बारा कलमं होती. चप्पल, चहा, उंदीर, पाणी, सगळं होतं. हे नव्हतं.

कोणता डबा कुठे होता, हे देवाजीभाऊंना सांगता येईना. पुसलेले डबे त्यांना सारखेच दिसत होते. मग मी माझी वही काढली. प्रत्येक डिस्कवर एक नंबर असतो, आणि बसवतानाच ते नंबर क्रमाने उतरवून घ्यायचे असतात. त्या दिवसाच्या पानावर शेवटची ओळ होती: “पाचही डिस्कचे नंबर उतरवणे.” पुढे रिकामा चौकोन. जेवायला हाक आली म्हणून राहिलं होतं आणि मग राहूनच गेलं. दोन जिल्ह्यांत मी याद्यांसाठी प्रसिद्ध होते.

पाच डिस्क पाच जागी बसवण्याचे एकशे वीस प्रकार होतात. एकेक करून पाहू, असं शब्बीरभाई म्हणाले. तसं करता येत नव्हतं. त्या जुन्या पेटीला क्रम सांगून एकदा “हो” म्हटलं की ती लगेच बेरजा तपासायला लागायची, आणि चूक वाटेल ती दुरुस्त करायची. क्रम चुकीचा दिला तर ती बरोबर आकडे पुसून त्यांच्या जागी चुकीचे लिहिणार. म्हणजे संधी एकच. बिघडलेल्या डिस्कमधली माहिती काढून देणारे मुंबईत होते, त्यांना फोन केला, तर त्यांनी डिस्क पाठवून द्यायला सांगितलं. महिना लागेल, खात्री नाही. दिवाळी तीन आठवड्यांवर होती.

डॉक्टरबाईंनी मैनाबाईंना विचारलं की पुन्हा रक्त घ्यायचं ठरवलं तर गावं देतील का.

मैनाबाई दाराला टेकून उभ्या होत्या. “मी मागायले जाणार नाई बाई,” त्या म्हणाल्या. “अन् थे तरी काऊन देतीन? मी शब्द देल्ला होता. अकरा गावात मले तोंड दाखवा लागते.”

एवढं बोलून त्या बाहेर गेल्या. मला वाटलं रागावून गेल्या. त्या वही घेऊन परत आल्या, नवमीच्या सकाळचं पान उघडलं आणि माझ्यापुढे ठेवलं. रागाच्या भरात त्या दिवशी ती तपासायची मी विसरलेच होते.

त्या पानाकडे मी किती वेळ पाहत होते ते नोंदलेलं नाही. पाच चौकोन, पाच हिरवे ठिपके. पहिल्याचा कोपरा तुटलेला. दुसऱ्यावर ओरखडा. तिसऱ्यावर पिवळा कागद. चौथा कोरा. पाचव्याशेजारी नागमोडी रेघ.

मोडक्या कोपऱ्याची डिस्क मिळाली, पहिली. ओरखड्याची मिळाली, दुसरी. पिवळा कागद मात्र कुठेच दिसेना, कारण देवाजीभाऊंनी तो स्पिरिटने घासून काढला होता. “कचरा होता थो,” ते हळूच म्हणाले. उरलेले तीन डबे सारखेच स्वच्छ. शब्बीरभाई ते एकेक करून उजेडात तिरपे धरून पाहत होते. बॅटरीच्या तारांवरचा गंज ते तसाच शोधायचे.

“मॅडम,” त्यांनी एक डबा पुढे केला, “सगळ्याइले कुंकू सारखंच लावलं नं? मंग याच्यावरच इतकं काऊन चिपकलं?”

कागद गेला होता, त्याखालचा डिंक पुरता गेला नव्हता. त्यावर कुंकू चौकोनी बसलं होतं. तिसरी मिळाली. पूजेने घोळ केला आणि पूजेनेच एक खूण परत दिली, असं शब्बीरभाई पुढे कित्येक वर्षं देवाजीभाऊंना ऐकवत होते.

राहिल्या दोन. मी नागमोडी रेघेवर बोट ठेवून विचारलं की ही काय आहे.

“थो थरथरते नं,” मैनाबाई म्हणाल्या. “शेवटचा. रोज पुसतो मी, हाताले लागते.”

मी पेटीवर शेकडो वेळा हात ठेवला होता. मला कधी काही लागलं नव्हतं. संगणक बंद ठेवून नुसती पेटी सुरू केली, म्हणजे डिस्क फिरतील पण लिहिलं-पुसलं काही जाणार नाही. मैनाबाईंनी दोन्ही डब्यांच्या मुठींवर चार-चार बोटं टेकवली आणि चौथ्या जागेवरच्या डब्याकडे मान हलवली. हा शेवटचा. इथे नाही, तिथे पाहिजे.

मी विचारलं, “नक्की?”

“मी तिकडे तोंड करून उभी राह्यतो. तुमी जागा बदला, नका बदलू, तुमची मर्जी. मंग सांगतो.”

मी तसंच केलं. पेटी बंद करायची, थांबायचं, डबे बदलायचे किंवा नुसतं बदलल्यासारखं करायचं, पुन्हा सुरू करायची. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा त्यांनी तोच डबा दाखवला. चौथ्यांदा करायला लागले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “पुरे. माझा विश्वास आहे.”

तोवर एक वाजत आला होता. दीडला भारनियमन. शब्बीरभाईंनी जीपची बॅटरी सोडवून आणली, यूपीएसला जोडली आणि तिच्याशेजारी मांडी ठोकून बसले. गावाची लाइट जाऊ दे, म्हणाले, या खोलीतली जात नाही.

मी पाचही डिस्क क्रमाने बसवल्या आणि पेटीला तो क्रम सांगितला. पडद्यावर प्रश्न आला, हो की नाही. चौदा वर्षांत हा प्रश्न मी किती वेळा पाहिला असेल. त्या दिवशी बोट ठेवून थांबले. देवाजीभाऊ भिंतीकडे वळून उभे होते. मैनाबाई माझ्याकडे पाहतही नव्हत्या, त्या दिव्यांकडे पाहत होत्या. मी दाबलं.

पहिला हिरवा झाला. दुसरा, तिसरा झाला. चौथ्याला वेळ लागला. मग चौथा आणि पाचवा एकदम.

संगणक सुरू करून डॉक्टरबाईंनी पहिल्या गावाची यादी उघडली. नावं होती, नावांपुढे निकाल होते. त्यांनी अकराही गावं उघडून पाहिली आणि मग खुर्चीत बसून चष्मा पुसला. मैनाबाईंनी तोवर वही ओढून घेतली होती. सकाळची नोंद राहिली होती. त्यांनी पाच चौकोन काढले, पाच हिरवे ठिपके दिले आणि औषधाच्या टेबलावरची लाल पेन्सिल मागून घेऊन प्रत्येक डब्यावर कुंकवाचा ठिपका काढला. दिसत होतं ना.

मी आधी पाच नंबर उतरवले. मग भिंतीवरच्या यादीत तेरावं कलम लिहिलं. देवाजीभाऊंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, “मंग पुढच्या साली पूजा कशी करावं?” बाहेरून करायची असं ठरलं. पुढे दर नवमीला पेटीच्या पत्र्यावर एकच ठसठशीत कुंकू असायचं, आणि त्याच्याखाली देवाजीभाऊंनी स्वतःच्या हाताने खडूने लिहिलेलं असायचं: तेरावं कलम पाळलं.

त्यानंतर मी सगळ्या ठिकाणच्या दिव्यांच्या वह्या बदलल्या. छापील तक्त्यावर हिरव्या-नारिंगीची खूण करायची पद्धत काढून टाकली. कोऱ्या वह्या दिल्या आणि वर एकच ओळ लिहिली: जसं दिसतं तसं काढा, हाताला लागतं तेही काढा. गडचांदूरच्या सुपरवायझरांनी पहिल्याच आठवड्यात पंख्याचा आवाज बदलल्याचं लिहिलं. पंखा बंद पडायच्या आत आम्ही तो बदलला. मला पुष्कळांनी शाबासकी दिली. ती पद्धत कोणाची, हे मी दर वेळी सांगितलं, पण मैनाबाईंचं नाव ऐकून लोक मान हलवायचे आणि मला विचारायचे की हे कुठे शिकवतात.

कागद दिवाळीच्या आठ दिवस आधी छापून झाले. गाववार गठ्ठे केले आणि मी मैनाबाईंना यादी करून दिली, प्रत्येक नावापुढे एक रिकामा चौकोन. कागद हातात दिला की चौकोन भरायचा. देवाजीभाऊंनी त्यांना रुग्णगाडीने पहाडावर सोडलं, पुढे त्या पायी फिरल्या. ज्यांच्या कागदावर काळजीचं काही होतं त्यांना डॉक्टरबाईंकडे घेऊन आल्या. दिवाळीच्या आदल्या दिवशी यादी माझ्याकडे परत आली. सगळे चौकोन भरलेले. एक सोडून.

सात वर्षांची एक मुलगी. तिचे आईवडील तिला घेऊन मिरची तोडायला राज्याच्या सीमेपलीकडे गेले होते. हंगाम संपल्यावर ते परतले नाहीत. मैनाबाईंनी तो कागद दिव्यांच्या वहीत ठेवला. मिरचीहून माणसं परतली की दर वर्षी त्या विचारायच्या. कधी कळायचं की ते अमक्या गावात आहेत, कधी तमक्या. इथल्या त्यांच्या घराचं छप्पर बसलं, मग भिंतीही गेल्या.

मैनाबाई कामावरून सुटल्या त्या वर्षी त्यांनी मला बोलावून वह्यांचा गठ्ठा दिला आणि तो कागद वेगळा काढून हातात ठेवला.

“याची यादी तुमच्याकडं हाय,” त्या म्हणाल्या. “मी शब्द देल्ला होता. आता तुमी पहा.”

त्या पेट्या आता कुठेच नाहीत. सगळं दूर कुठेतरी साठवलं जातं आणि दिवे पाहायची कोणाला गरज राहिली नाही. कागद माझ्या कपाटात आहे. त्यावर काय आहे ते मी इथे लिहीत नाही, तो निकाल तिचा आहे. इतकंच सांगते की लग्नाआधी तिला तो कळायला हवा होता, आणि तिचं ते वय येऊन गेलं असेल. गेल्या वर्षी दोन गावांत विचारून आले. सिरोंच्याच्या बाजूने पलीकडे गेलं की आणखी तीन लागतात, ती नावं वहीत उतरवून ठेवली आहेत.

यादी समोरच आहे. शेवटून तिसरी ओळ, चौकोन रिकामा.